भुतांच्या बाजूची आत्या

आत्याच्या चेहऱ्यावर जन्मापासून एक डाग होता. डाव्या भुवईपाशी सुरू होऊन, डोळ्याला वळसा घालून, सगळ्या गालावर पसरलेला, गडद, जांभळट. शाळेत मुली तिला 'नकाशा' म्हणायच्या. मोठेपणी तोंडावर कुणी काही म्हणत नसे, पण तिच्याशी बोलताना माणसांची नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीवरच्या घड्याळावर वगैरे जाऊन बसे. पुतणी तिला आत्या म्हणायची, तिचं ऐकून सगळी गल्ली म्हणायला लागली, तेव्हा आपणही आत्याच म्हणू.

आत्या कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये कामाला होती. दातांच्या डॉक्टरांकडून माणसांच्या जबड्यांचे साचे यायचे, आणि ती मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवत जायची. हात इतका बसलेला, की बोलता बोलता दातांची अख्खी ओळ उभी राहायची. लॅबमधल्या बायका म्हणायच्या, "अहो आत्या, एखादा तरी सुळा लांब ठेवा की! तुमच्या सिनेमातल्यासारखा." त्यावर आत्या म्हणायची, "सिनेमातले सुळे कसले, मेणबत्तीचे तुकडे ते! बिचाऱ्या भुताला ओठ मिटता येत नव्हते, तरी कसा खुन्नस देत उभा होता."

तर हा सिनेमांचा नाद. आत्याला भुतांचे सिनेमे आवडायचे, आणि तेही जुने, पडेल, चार दमड्यांत काढलेले. त्याची सुरुवात झाली ती ती शाळकरी असताना. एकदा मावसबहिणीबरोबर ती पत्र्याच्या थिएटरात दुपारचा खेळ बघायला गेली. पडद्यावर एका विहिरीतून बाई वर येत होती. जिवंतपणी सासरच्यांनी जाळलेली, आणि त्यामुळे अर्धा चेहरा वितळून ओघळलेला. कणीक थापून वर रंग फासला होता हे आंधळ्यालाही कळलं असतं. भुताच्या मनगटावर घड्याळही होतं. तरी थिएटर किंचाळत होतं. मावसबहीण तिच्या दंडात नखं रुतवून बसली होती. आत्या मात्र डोळे फाडून बघत होती. अर्ध्या चेहऱ्याची बाई भिंतीएवढी होऊन समोर उभी होती, आणि कुणाची टाप नव्हती तिच्यावरून नजर काढायची!

मध्यंतरात दिवे लागले. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी मागे वळली, आत्याला बघितलं आणि भोकाड पसरलं. सगळं थिएटर खो खो हसलं. मावसबहीण कानकोंडी होऊन म्हणाली, "चल, घरी जाऊ या."

"का? पिक्चर संपलाय का?" आत्या म्हणाली आणि तिथेच बसून राहिली. शेवटी मंतरलेलं पाणी शिंपडून त्या बाईची राख केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा आत्या रागाने लाल झाली. त्या दिवसापासून ती जी भुतांच्या बाजूची झाली, ती कायमची.

पुढे पगार हातात यायला लागल्यावर तिने बंद पडणाऱ्या व्हिडिओ लायब्ररींतून कॅसेटी गोळा केल्या. घर भावाचं, मागची खोली तिची. त्या खोलीत जुना टीव्ही, कॅसेट-प्लेयर, कपाटभर कॅसेटी आणि भिंतींवर हिरव्या तोंडांची, लाल डोळ्यांची पोस्टरं. रविवारी दुपारी ती आणि पुतणी अंथरुणावर पालथ्या पडून बघायच्या. आत्या दाखवायची, "तो जिना बघ. मघाशी खलनायकाच्या वाड्यात होता तोच, नुसता उलटीकडून घेतलाय. आणि तो धूर बघ, कोपऱ्यात पुठ्ठ्याने वारा घालणारा हात दिसतोय." पुतणी हसायची. आत्याही हसायची, पण लगेच म्हणायची, "हातात पैसा नाही, जवळ कुणी नाही, आणि म्हणतात, आम्ही तुम्हाला घाबरवणार! छाती लागते गं याला."

दादाला, म्हणजे तिच्या भावाला, हे सगळं डोळ्यांत खुपायचं. दादा शाळेत मुख्याध्यापक होता. निवृत्त झाला तरी आवाज वर्गातलाच राहिला होता. "भल्या घरात शोभतं का हे?" असं तो उठता-बसता म्हणायचा. पण खरं खुपणं दुसरंच होतं, आणि ते कधी बोललं जात नसे. घरी महत्त्वाचे पाहुणे यायचे असले, की आदल्या दिवशी दादा सहज विचारल्यासारखं विचारायचा, "उद्या तुझा काही कार्यक्रम आहे का गं बाहेर?" आणि आत्या कार्यक्रम काढायची. कधी बाजार, कधी मैत्रीण, कधी नुसतीच बागेतल्या बाकावर बसून शेंगदाणे. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललेलं होतं.

मग पुतणीचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा तिच्याच ऑफिसातला, दोघांचं आधीच ठरलेलं. आता मुलाच्या घरचे रविवारी भेटायला येणार होते. दादाने शनिवारी सकाळी तोच प्रश्न विचारला. आत्या उत्तर द्यायच्या आत पुतणी म्हणाली, "बाबा, आत्या घरातच असणार आहे. मी त्यांना सांगितलंय, माझ्या आत्याला भेटा म्हणून."

दादाने पेपर उघडला. आत्या कामाला गेली. संध्याकाळी परत आली तर मागच्या खोलीच्या भिंती उघड्या. पोस्टरांच्या जागी फिकट चौकोन. कपाट उघडलं, तर आत घड्या घातलेल्या चादरी.

"दादा, माझ्या कॅसेटी कुठायत?"

"भंगारवाल्याला दिल्या," दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "उद्या माणसं येणार, घर बघणार. ती भुतावळ काय दाखवायची त्यांना?"

"मला विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? घर माझं आहे."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. "वन्सं, जाऊ द्या हो," ती हळूच म्हणाली. "सिनेमेच तर होते."

"तुम्ही बघत उभ्या होतात ना वहिनी? मग आता गप्प बसा," आत्या म्हणाली. हे वहिनीला फार लागलं, आणि खरं तर त्यात वहिनीचा दोष थोडाच होता. पण आत्याने तेव्हा डोक्यात राख घातलेली होती. ती चपला घालून तशीच बाहेर पडली.

भंगारवाला दुकान आवरत होता. अर्ध्याअधिक कॅसेटी त्याने फोडून प्लास्टिक वेगळं केलं होतं. काळ्या फितींचा हा ढीग, म्हशीच्या शेपट्या कापून टाकल्यासारखा. "ताई, मला काय माहीत," तो ओशाळून म्हणाला. उरलेल्या धड कॅसेटी आत्याने वेचल्या, चुरगळलेली दोन पोस्टरं सोडवली आणि पोतं खांद्यावर मारून भर बाजारातून चालत घरी आली. रस्त्यात लोक बघत होते. आज घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं, सरळ तिच्याकडेच बघत होते. बघा, ती मनात म्हणाली, बघून घ्या.

रविवारी पाहुणे आले. आत्या ठेवणीतले कपडे घालून बाहेरच्या खोलीत, बरोबर समोरच्या खुर्चीवर बसली. दादाने डोळ्यांनी खुणावलं. तिने ती खूण बघितली आणि पायावर पाय टाकला. मुलाची आई बिस्किटाची बशी न्याहाळत बोलत होती. वडिलांची नजर घड्याळावर. मुलाची लहान भाची मात्र टक लावून आत्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"तुमच्या तोंडाला काय झालं?"

दादा खोकला. मुलाच्या आईने भाचीला चिमटा काढला.

"काही झालं नाही, डाग आहे, जन्मल्यापासून अस्साच," आत्या म्हणाली. "हात लावून बघायचाय?"

पोरगी उठून आली आणि तिने गालावर बोट फिरवलं. "गुळगुळीत आहे," ती निराश होऊन म्हणाली.

"मग काय काटे असतात?" आत्या म्हणाली, आणि मुलगा फस्सकन हसला. त्याच्यामागून पुतणी. बाकीच्यांचं तोंड आंबट होतं ते आंबटच राहिलं.

त्या घरून आठवडाभर निरोप नाही. दादा घरात येरझाऱ्या घालायचा. "एक दिवस बाहेर गेली असतीस तर काय आकाश कोसळलं असतं?" असं त्याने एकदा विचारलं, आणि आत्याला जे इतकी वर्षं उमगत असून उमगत नव्हतं ते स्वच्छ दिसलं. मग निरोप आला; लग्न मुलांनी ठरवलेलं होतं, ते व्हायचं तसं झालंच. लग्नात आत्या पुतणीशेजारी पहिल्या रांगेत उभी राहिली आणि प्रत्येक फोटोत आली. आणि पुतणी सासरी गेल्यावर तिने सामान बांधायला घेतलं.

"या वयात घर सोडून चाललीस? कशासाठी, तर सिनेमासाठी?" दादा दारात आडवा उभा राहून म्हणाला. "लोकांना सांगू काय मी?"

"सांग की बहिणीला भिंत पाहिजे होती."

"कसली भिंत?"

"स्वतःची. जिच्यावर मी लावीन ते राहील. सरक बाजूला दादा, पोतं जड आहे."

तिने लाँड्रीच्या वरची एक खोली भाड्याने घेतली. खाली दिवसभर इस्त्रीची वाफ, त्यामुळे जमीन कायम कोमट. घरमालकीण निवृत्त नर्स होती. एका कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे किंकाळ्यांची तक्रार नव्हती. पहिल्या दिवशी आत्याने चुरगळलेली पोस्टरं खालून इस्त्री करून आणली आणि दाराच्या अगदी समोर लावली. पुढे जावयाने जुना प्रोजेक्टर आणून दिला, लाँड्रीवाल्याने पांढरी चादर दिली, आणि रविवारी दुपारी खिडक्यांना कांबळी लावून खेळ सुरू झाले. लॅबमधल्या बायका आल्या, नर्सबाई आल्या, लाँड्रीवाला गिऱ्हाईक नसलं की जिन्यात येऊन बसायला लागला.

आत्याचा नियम एकच होता. वटवाघळाचा दोरा दिसला, हसा. थडगं हाताच्या धक्क्याने हललं, पोट धरून हसा. चेहऱ्याला हसायचं नाही.

एकदा नर्सबाईंचा भाचा मित्रांना घेऊन आला. जुना भिकार सिनेमा म्हणून टवाळी करायला माणसं येतात, तसाच. आत्याने चालवून घेतलं. मग भाजलेली बाई पडद्यावर आली आणि तो ओरडला, "ई! हे थोबाड घेऊन कशाला जगायचं?"

आत्याने कॅसेट थांबवली. चादरीवर ती बाई तशीच, ओघळलेल्या गालाने उभी. आत्या तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली; उजेड दोघींवर सारखाच पडला.

"आता बोल," ती म्हणाली. "आमच्या दोघींच्या तोंडावर बोल."

भाच्याची नजर इकडेतिकडे घड्याळ शोधायला लागली. भिंतीवर घड्याळ नव्हतंच.

"सॉरी आत्या," तो पुटपुटला. "मी तुम्हाला नव्हतो म्हणत."

"मला म्हणाला असतास तर एक वेळ चाललं असतं. मला सवय आहे. ही तर पाहुणी आहे माझी." मग तिने पुन्हा बटण दाबलं. मित्र निघून गेले, भाचा मात्र मान खाली घालून शेवटपर्यंत बसला. नंतरही अधूनमधून येतो. त्याच्यात काही फरक पडला का, ते आत्याला ठाऊक नाही. ती त्याची शिक्षिका नाही.

पावसाळ्यानंतर एका रविवारी दादा आला. बरोबर वहिनी. खेळ चालू होता. अंधारात कुणीतरी सरकून जागा दिली, वहिनी बसली. दादा चौकटीत उभा राहिला.

"लोक म्हणतात, मी तुला घराबाहेर काढलं," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"मग सांग त्यांना, ती आपणहून गेली. खोटं नाही ते."

"घरी चल. खोली रिकामी आहे. लाव तुझी ती चित्रं."

आत्याने क्षणभर विचार केला. दादा थकलेला दिसत होता, आणि भाऊ होता. "आणि पाहुणे आले, की?" तिने विचारलं.

पडद्यावरच्या निळ्या उजेडात त्याचा चेहरा आत्याला नीट दिसला. तो तिच्या डोक्यावरून, समोरच्या पोस्टराकडे बघत होता.

"नाही येत दादा," ती म्हणाली. "तू ये. येत जा. चहा मिळेल." तेवढ्यात पडद्यावर दार करकरलं आणि वहिनी अशी किंचाळली, की खालून लाँड्रीवाला धावत वर आला. दादा जिना उतरून गेला. वहिनी राहिली. सिनेमा संपल्यावर आत्याने चहा टाकला, आणि त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल काही म्हणणार, इतक्यात वहिनीच म्हणाली, "वन्सं, त्या बाईने शेवटी त्या सासऱ्याला मारलं ते बरंच केलं बाई."

दादा अजून परत आलेला नाही. वहिनी येते.

परवा लॅबमध्ये नवीन ओळखपत्रांसाठी फोटो काढायला माणूस आला होता. त्याने आत्याला स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्यात बघितलं, मग अदबीने म्हणाला, "मॅडम, जरा उजवीकडून घेऊ? किंवा असू दे, कॉम्प्युटरवर पुसून टाकीन मी. कळणारही नाही."

"हात लावू नकोस त्याला," आत्या म्हणाली आणि डावा गाल पुढे करून बसली. "काढ."