सुजूचा टॅबलेट तापायचा तेव्हा

"विमान पडलं का?" सुजाता गेल्याचं कळलं तसं ज्यानं त्यानं मला हेच विचारलं. पायलट होती, एकतिसाव्या वर्षी गेली, म्हणजे दुसरं काय असणार... नाही हो. ताप आला. डेंग्यूचा. सुट्टीला डोंबिवलीला घरी आलेली. सहाव्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. त्याला आता सात आठवडे झाले.

माझी धाकटी बहीण. पप्पा मोहन्याला कारखान्यात फिटर होते. त्यांची हत्यारं घेऊन मी एमआयडीसीत गाळा टाकला, गेट-ग्रिल बनवायला लागलो. सुजू शिष्यवृत्ती मिळवून विमान शिकायला गेली आणि पुढे तिथेच शिकवायला लागली. दोन सीटांचं छोटं विमान, शेजारी विद्यार्थी, डोक्यावर काच आणि ऊन. एका मे महिन्यात तिचा फोन आला. आवाज अगदी हळू. लहानपणापासून घाबरली की ती हळू बोलायची.

"दादा, आज वरती टॅबलेट बंद पडला. नकाशा त्यातच होता. उन्हानं इतका तापला, की स्क्रीन काळी झाली."

"मग?"

"कागदी नकाशा होता मांडीखाली. नदी शोधली, नदीच्या कडेनं परत आलो." मग म्हणाली, "तू काहीतरी बनव ना रे."

मी कधी विमानात बसलेलो नाही. पहिला स्टँड बनवला तो चुंबकाचा. कुरियरनं पाठवला. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन, "दादा, तुझ्या चुंबकानं होकायंत्र फिरलं! माझी उत्तर पनवेलला गेली." हसून हसून तिला बोलता येईना. मग काचेला चिकटणारा रबरी कप लावला, तर उन्हात तो सुटून टॅबलेट तिच्या मांडीवर. विमानाला एक भोकही पाडायचं नाही, ही तिथल्या इंजिनिअरची ताकीद. शेवटी सुटीत ती स्वतः येऊन बसली. भर दुपारी गच्चीवर आम्ही दोघं, मध्ये टॅबलेट आणि थर्मामीटर, आणि ती वहीत आकडे लिहितेय. जाड कव्हर काढलं, उडताना चार्जिंग बंद ठेवायचं ठरवलं, आणि ॲल्युमिनियमची नुसती चौकट केली, पाठ पूर्ण उघडी, म्हणजे विमानातल्या हवेच्या झरोक्याचा वारा थेट पाठीवर यावा. विमान वळवायच्या दांड्याला ती चिमट्यासारखी बसायची आणि हातानं निघायची. इंजिनिअरनं पाहिली, हो म्हटलं. त्यानंतर उन्हानं टॅबलेट एकदाही बंद पडला नाही.

तिनं मला तीनदा बोलावलं. "ये ना, तुझी चौकट वरती कशी दिसते बघ." दोनदा मी गेटच्या ऑर्डरचं कारण दिलं. तिसऱ्यांदा खरं सांगितलं, की मला भीती वाटते. ती हसली नाही. म्हणाली, "पाऊस संपू दे, मग ये. मी असेन ना शेजारी."

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी तिचं कपाळ नुसतं भाजत होतं. मी ओल्या पट्ट्या बदलत होतो. डोळे मिटूनच म्हणाली, "पट्टी नको दादा, हात ठेव. तुझा हात गार आहे." लोखंडाचं काम करणारे माझे खरखरीत हात... ठेवून बसलो. ताप उतरेना. बिघडलेली वस्तू समोर आली की कुठून सुरुवात करायची ते मला सुचतं. तिथे काहीच सुचत नव्हतं.

गेल्या आठवड्यात तिची एक विद्यार्थिनी पत्ता शोधत गाळ्यावर आली. नवा, मोठा टॅबलेट. त्याला चौकट हवी होती. मापं घेतली, पण रुंदी वाढली तर दांडा पूर्ण मागे ओढल्यावर चौकट मांडीला अडेल का, ते कळेना. असं अडलं की सुजू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची, हवेतला दांडा छातीशी ओढायची, डावीकडे, उजवीकडे फिरवायची आणि मी टेप धरायचो. मी काही बोलायच्या आत ती मुलगी त्या स्टुलावर जाऊन बसली. पाठ ताठ केली, दोन्ही हात पुढे घेतले आणि छातीशी ओढले. अगदी तसेच.

"सर, मॅडमनी असंच शिकवलंय. घ्या माप."

मी पाठ फिरवली आणि ग्राइंडर चालू केला. हातात घासायला काहीच नव्हतं.