पडायला शिकलेली मृणालिनी

मृणालिनीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. ऑकलंडमधल्या हेन्डरसनच्या भाड्याच्या घरातून निघून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या माउंट वेलिंग्टनच्या कोल्ड स्टोरेजला पोचायचं, जाड कोट चढवायचा आणि गोठलेल्या मटार-मक्याची खोकी पॅलेटवर रचत राहायचं. बोटं बधिर झाली की बाहेर यायचं, ऊब घ्यायची, परत आत. ती इचलकरंजीहून शिकायला आली होती. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा झाला, पण त्यातली नोकरी काही मिळाली नाही. मिळाली ती ही. ती तिने नेकीने केली. खोकं वाकडं रचलेलं तिला खपत नसे.

थंडीची तिला भीती नव्हती. भीती होती ती रवींद्रच्या डोंगरांची.

रवींद्र तिचा नवरा, टायरच्या दुकानात कामाला. सह्याद्रीतले बरेच गड त्याने पायाखाली घातले होते, आणि तेवढ्या जोरावर तो इथले बर्फाचे डोंगर चढायचा. हिवाळा आला की शुक्रवारी सामान गाडीत टाकून रुआपेहूच्या डोंगरावर. तो परत येईपर्यंत मृणालिनीच्या घशाखाली घास उतरत नसे. फोन लागला नाही की ती उगाच दारापर्यंत जाऊन येई. भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी २०१५ च्या हिवाळ्यात तिने ठरवलं, घरात बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा बरोबर गेलेलं बरं. आणि एका क्लबच्या बर्फावरच्या कोर्सला नाव घातलं.

शिकवणारा ग्रॅहम नावाचा म्हातारा होता. त्याने आधी चढायला शिकवलंच नाही, पडायला शिकवलं. उतारावर मुद्दाम घसरायचं. घसरताना आइस ॲक्स, म्हणजे बर्फात रुतवायची टोकदार कुऱ्हाड, छातीशी आवळायची, पोटावर वळायचं, तिचं टोक अंगाच्या सगळ्या भाराने बर्फात दाबायचं. पाय मात्र वर उचलून धरायचे, कारण बुटाखाली बांधलेले क्रॅम्पॉनचे लोखंडी काटे बर्फात अडकले तर माणूस कोलांट्या खात जातो. मग पाठीवर घसरायचं. मग डोकं खाली करून. बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या. ग्रॅहमचं म्हणणं एवढंच, की घाबरलेल्या डोक्याला काही आठवत नाही, तेव्हा हातांकडून पाठ करून घ्या.

घरी ती छत्री छातीशी धरून कार्पेटवर लोळण घ्यायची. रवींद्र सोफ्यावरून विचारायचा, "मॅडम, आज लाउंजमध्ये किती बर्फ पडलाय?" ती पुन्हा वळायची.

पुढच्या जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, दोघं मिळून गेली. क्लबच्या लॉजवर मुक्काम केला. रवींद्रने भिजलेले बूट दाराबाहेर काढून ठेवले. जन्माची सवय, घरात बूट कोण नेतो? मृणालिनीने कोर्समध्ये सांगितल्याप्रमाणे आपले हीटरजवळ ठेवले. त्याचे बघायचे राहून गेले. सकाळी ते गोठून लाकडासारखे झाले होते. पाय कसाबसा शिरला, पण नाड्या आवळेनात. बूट मऊ होईपर्यंत थांबू, असं तिने सांगून पाहिलं.

"अगं, रतनगड चपलेवर चढलेला माणूस आहे मी," तो म्हणाला, आणि सैल बुटांवरच क्रॅम्पॉन बांधून निघाला. त्याची आइस ॲक्स पाठीवरच्या सॅकला अडकवलेली.

वर काचेसारखा कडक बर्फ लागला. रवींद्र पुढे, ती मागे. पावलागणिक त्याची टाच बुटातून उचलली जात होती, ते तिला दिसत होतं. ती हाक मारणार तेवढ्यात त्याच्या एका पायाचा क्रॅम्पॉन निसटला. तो ओरडलासुद्धा नाही. जॅकेटचा सरसर आवाज करत तिच्या शेजारून खाली गेला आणि सॅक एका खडकाला अडकून थांबला. खडकाच्या पलीकडे उतार दिसतच नव्हता. नुसता ढग.

"मृणा," तो खालून म्हणाला, "मला हलता येत नाहीये. हललो की घसरतोय."

तिला उलट पावली पळत सुटावंसं वाटलं. फोनला रेंज नव्हती. लॉजवरून माणसं आणेपर्यंत तो तिथे टिकेल असं दिसत नव्हतं. ती उताराकडे तोंड करून उतरू लागली. निम्म्यात तिचाही पाय सुटला. पुढचं काही कळलं नाही. कळलं तेव्हा ती पोटावर पडलेली होती, ॲक्सचं टोक बर्फात रुतलेलं होतं, पाय हवेत होते आणि ती थांबली होती. तिथेच ती थोडी रडली. नाक पुसलं आणि उतरत राहिली.

त्याच्याजवळ पोचल्यावर तिने त्याची ॲक्स सोडवून त्याच्या हातात दिली आणि स्वतः बाजूच्या सपाटीकडे आडव्या पायऱ्या खोदायला घेतल्या. पाऊल पुरतं मावेल एवढी, आतल्या बाजूला कललेली पायरी. खांदे भरून आले, तळहात सोलले, तरी तिने एकही पायरी अर्धवट सोडली नाही. रवींद्रचे दात वाजत होते. तो म्हणाला, एवढी मोठी नको, चल लवकर.

"गप्प बस. मी सांगेन तेव्हाच पाय उचल. खाली बघायचं नाही, माझ्या टाचेकडे बघ."

त्याने ऐकलं. सपाटीवर पोचल्यावर तो मटकन खाली बसला. तिला उलटी झाली.

परतीच्या वाटेवर, ऑकलंडचे दिवे दिसायला लागल्यावर त्याने सुरुवात केली, "पुढच्या वेळी ना..."

"आधी शिकायचं," ती म्हणाली. "नाहीतर पुढची वेळ नाही."

त्या वर्षी मृणालिनीने मिळतील तितक्या शनिवारच्या जादा पाळ्या केल्या. पुढच्या हिवाळ्यात रवींद्र कॉलेजच्या पोरांच्या रांगेत ग्रॅहमसमोर उभा राहिला. मृणालिनी उताराच्या कडेला उभी होती. तो घसरला की तिचेही हात छातीशी जायचे, थांबला की खाली यायचे, आणि ग्रॅहम त्याला पुन्हा वर पाठवायचा. जादा पाळ्यांचे पैसे फीच्या रूपाने यातच गेले: नवऱ्याला दोन दिवस उतारावरून पाडण्यात, आणि ते उभं राहून बघण्यात.