मुराळ्याचे टायर

राहुरीच्या मच्छिंद्राला कुणीही विचारावं, "काय चाललंय?" आणि त्याने म्हणावं, "टायर बघतोय." आषाढभर त्याच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. सेहेचाळीस सालची गोष्ट. लढाई संपली होती, लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या नगरला विकायला निघाल्या होत्या, आणि त्यातलाच एक खिळखिळा ट्रक मच्छिंद्राने घेतला होता. त्याआधी तो दुसऱ्याच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. आता स्वतःच्या गाडीत गुळाच्या ढेपी भरून राहुरीहून नगरला नेऊ लागला. त्या सरळ सडकेला कसलेही टायर चालले असते. पण त्याला ते सडकेसाठी नकोच होते. त्याला ते बहिणीसाठी हवे होते.

बहीण म्हणजे राही, त्याच्यापेक्षा धाकटी. तिला दिली होती कवठदऱ्याला, राहुरीच्या पश्चिमेकडे डोंगरात. माणूस पहाटे चालत निघाला तर जेवणवेळेला पोचेल एवढंच अंतर. पण वाट मोठी नतद्रष्ट. आधी मुळा नदीच्या कडेने काळ्या मातीचा चिखल, मग खिंडीत सुरीसारखे धारेचे दगड, आणि खिंड उतरली की गावापर्यंत पुन्हा काळी रानं. राहीच्या लग्नात नेमका वळीव कोसळला. नवरीकडच्या बैलगाड्या चिखलात रुतल्या, आणि वऱ्हाड धोतरं खोचून, गुडघ्यापर्यंत माखून मांडवात पोचलं. तेव्हा राहीचे चुलत सासरे गोरक्षबाबा पान खाता खाता म्हणाले, "पाव्हणं चालत आलं. बैलं मागनं गाडीत बसून येत्यात जनू!"

मांडवात हशा पिकला. मस्करीच ती. लग्नात कोण कुणाची करत नाही? ज्याने केली तो संध्याकाळी विसरला, जे हसले ते जेवताना विसरले. मच्छिंद्राने मात्र ती काळजात जपून ठेवली. गाव सोडताना तो वेशीवर थांबून म्हणाला, "आता हितं यीन तर सवताच्या मोटारीतनं यीन. तवर ह्या मातीला पाय लावायचा न्हाई." असली भीष्मप्रतिज्ञा करणाऱ्याला त्याच वेळी कुणीतरी खडसावायला हवं होतं. पण वडील वारलेले, घरात हाच एकटा पुरुष, त्याला बोलणार कोण?

आणि त्याची झळ लागली ती राहीला. पंचमीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आला, सासूच्या हातचं पाणी प्याला, "न्यायला आलोय" म्हणाला, की पोरीने बोचकं उचलायचं. तो आलाच नाही तर तिने कुणाच्या पाठीमागे निघायचं? दिवाळीला राहीचा नवरा कधीमधी तिला राहुरीला आणून सोडायचा. पण पंचमी भावाची. आदल्या दिवशी, चतुर्थीला, ती भावासाठी उपास धरायची आणि खिंडीकडे बघत बसायची. आई, बनुबाई, दर श्रावणात मच्छिंद्राच्या मागे लागे.

"जा की रं चालत. पाय का झिजत्यात तुजे?"

"मोटार घिऊ दे मला. मग बघ, सगळं गाव गोळा हुईल."

पाच पंचम्या अशा गेल्या.

म्हणून यंदा टायर. नगरला स्टेशनाकडच्या रस्त्यावर शामकांत नावाच्या गृहस्थाने पत्र्याच्या शेडमध्ये लष्करी टायरांची थप्पी लावली होती. लढाईत टायर म्हणजे सोनं होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि आता इथे ढीगच्या ढीग. मच्छिंद्र आत शिरला आणि गोंधळून गेला. काही टायरांना बोट जाईल एवढे खोल दाते, नांगराच्या तासासारखे. काहींची नक्षी बारीक, पण अंग असं जाड की मुठीने ठोकलं तर मूठच दुखावी.

"हे दात्यांचे चिखलासाठी," शामकांत म्हणाले. "दाते मातीत रुततात आणि गाडी पुढे ढकलतात. पण दगडावर टिकणार नाहीत, दाते तुटतील, बाजू कापली जाईल. हे जाड दगडासाठी. आत कापडाचे थर जास्त आहेत, धारेने फाटत नाहीत. पण चिखलात नक्षी लगेच भरते आणि चाक जागच्या जागी फिरतं. तुमची वाट कसली आहे?"

"निम्मी चिखलाची, निम्मी दगडाची."

"मग निम्मे निम्मे घ्या. मागे दात्यांचे लावा, पुढे जाड."

"अन् मागचाच फाटला तर? खिंडीत काय शिवून लावू?"

"मग सगळे जाड घ्या."

"अन् रुतली तर?"

शामकांतांनी चष्मा काढून पुसला. ते भले गृहस्थ होते, पण त्यांनाही दुसरी गिऱ्हाइकं होती. मच्छिंद्र त्या दिवशी रिकाम्या हाताने परतला. पुढच्या खेपेला पुन्हा गेला, टायर हुंगले, नखाने कोरून पाहिले, पुन्हा परतला. घरी येऊन ज्याला त्याला विचारू लागला. वाण्याला विचारलं, न्हाव्याला विचारलं, ज्यांनी जन्मात मोटारीच्या चाकाला हात लावला नव्हता त्यांनाही विचारलं. आणि आपल्याकडे सल्ला मागायचा अवकाश! अर्धं गाव चिखलाच्या बाजूने झालं, अर्धं दगडाच्या. त्याचा सोबती सूर्यभान, जो ट्रकवर माल चढवायचा आणि गाडी ढकलायचा, शेवटी वैतागून म्हणाला, "मच्छिंदर, तू एवढा इचार बायकू करताना केला न्हाईस."

अखेर श्रावण लागला आणि मच्छिंद्राने दात्यांचे टायर आणले, चारी चाकांना चढवले. चतुर्थीला निघायचं, राहीच्या घरी मुक्काम करायचा, आणि पंचमीला सकाळी तिला घेऊन राहुरीत यायचं, असं ठरलं. चतुर्थी उजाडली. ट्रक धुतला, टपावर झेंडूची माळ बांधली. मच्छिंद्र आत बसला आणि तसाच बसून राहिला.

"काय झालं?" सूर्यभानने विचारलं.

"खिंड डोळ्याम्होरं येतीय. चिखलात रुतलो तर खोरं हाय आपल्याकडं. खनून काढू गाडी. पर टायर फाटला तर खोऱ्यानं भागंल का?"

बोलणं बिनतोड होतं, हेच तर दुर्दैव. मच्छिंद्राने गाडी सुरू केली, पण पश्चिमेला वळवायच्या ऐवजी नगरच्या सडकेला घातली. शामकांतांनी त्याला येताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दात्यांचे टायर उतरवून जाड चढवण्यात सगळी चतुर्थी गेली. राहुरीला परत येईतो दिवेलागण झाली होती. ओट्यावर बनुबाई बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. डोंगरात तिची लेक उपाशी बसली असेल, आणि हा लेक दिवसभर चाकं बदलत होता.

पंचमीला पहाटे गाडी निघाली. बनुबाईने पुरणाची दिंडं उकडून फडक्यात बांधून दिली होती. चार दिवस उघडीप होती, त्यामुळे नदीकडचा चिखल बराच आटला होता. गाडी घसरली, डुलली, पण पार झाली. मग खिंड आली. आणि काय सांगावं, त्या जाड टायरांनी कमाल केली. दगड कडाकडा वाजत होते, ठिणग्या उडत होत्या, पण टायरांवर ओरखड्यापलीकडे काही उमटलं नाही. खिंडीच्या माथ्यावर मच्छिंद्राने गाडी थांबवली, उतरून चारी चाकांवरून हात फिरवला आणि लहान पोरासारखा हसला. खाली कवठदरा दिसत होता. झाडांना बांधलेले झोके दिसत होते, झोक्यांवरच्या बायकांची रंगीत लुगडी दिसत होती. त्याने भोंगा वाजवला. बराच वेळ वाजवला.

उतार संपला, काळी रानं लागली, आणि गाव एका हाकेच्या अंतरावर असताना ट्रकचं मागचं चाक खचलं.

डोंगराचं पाणी तिथे मुरलेलं होतं. मच्छिंद्राने जोर दिला तशी चाकं भणाणली, नक्षीत माती गच्च भरली, टायर लोण्याच्या गोळ्यासारखे गुळगुळीत झाले आणि ट्रक चाकांच्या आसापर्यंत खाली बसला. भोंगा ऐकून गाव आधीच निघालं होतं. माणसं भोवती उभी राहिली. मच्छिंद्राने सूर्यभानला खूण केली, "खोरं काढ."

सूर्यभान खोरं घेऊन उतरला. त्याने ते उगारलं आणि गर्दीतून गोरक्षबाबांचा आवाज आला.

"आरं आरं! आज? पंचमीला भुईत खोरं घालतुस?"

सूर्यभानचा हात वरच राहिला. महिनाभर मच्छिंद्राने चिखल तोलला, दगड तोलला, रबर तोललं, पण पंचमीला जमीन खणत नाहीत हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. बिळातल्या नागाला इजा होऊ नये म्हणून त्या दिवशी कुणी औत धरत नाही, विळीवर भाजीसुद्धा चिरत नाही. त्याच्या घरातही पाळतात. ज्या खोऱ्याच्या भरवशावर त्याने टायर निवडले, ते खोरं वर्षातून ज्या एका दिवशी हातात धरायचं नाही त्याच दिवशी तो आला होता. चतुर्थीला निघाला असता तर कुणी अडवलं नसतं.

"फांद्या घाला चाकाखाली," तो ओरडला.

"तोडायच्या कशा? आज कोयता न्हाई लावायचा."

"मग बैलं जुपा!"

"आज बैलाच्या मानंवर जू न्हाई. उद्या म्हनशील तेवढी बैलं लावू, पाव्हणं. आज उतरा, घरी चला. पानी घ्या."

गोरक्षबाबा मनापासून बोलत होते. पाच वर्षांत म्हातारा पार वाकला होता. पण मच्छिंद्राला त्या बोलण्यात मांडवातलं हसूच ऐकू आलं. "ढकला," तो म्हणाला. माणसांनी खांदे लावले, चिखलाने माखून निघाली. ट्रक तसूभरही हलला नाही, उलट आणखी बसला. शेवटी लोक कंटाळून, हात झटकत गावाकडे वळले. सूर्यभानही त्यांच्या मागे पाणी प्यायला गेला. मच्छिंद्र मात्र केबिनमध्येच बसून राहिला. पाय लावायचा नाही म्हणजे नाही! स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या, शामकांतांना शिव्या दिल्या, टायर बनवणाऱ्याला दिल्या, आभाळाला दिल्या. जवळ कुणी नव्हतं म्हणून बरं.

मग त्याला राही दिसली. नेसूचं वर खोचून ती चिखलातून येत होती. थोरल्या भावाला भेटायला धावावं तशी नव्हे. सावकाश, एक एक पाऊल उपसत. केबिनच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि वर बघू लागली. वाळली होती. केसांत मनगटाएवढी गजऱ्याची वेणी होती, पण तोंड सुकलेलं होतं.

"उतर की, दादा."

"राही, टायर चुकलं बघ. दात्याचंच घ्यायला पायजे हुतं. शामकांत म्हनत हुते मागं दात्याचं लाव, म्या ऐकलं न्हाई. खिंडीत मातुर काय चाललीय गाडी म्हनून सांगू—"

"मी गाडीचं इचारलं न्हाई."

राहीने केबिनच्या दारावर हात ठेवला. मनगटात नव्या हिरव्या बांगड्या होत्या. त्याची नजर तिथे गेलेली तिने पाहिली.

"मनकर्णाच्या भावानं भरल्यात," ती म्हणाली. मनकर्णा तिची शेजारीण. "संगमनेराकडनं चालत येतो त्यो, दरसाली. पयल्या वर्सी मी दारात उभी हुते, तर त्यानं मलाबी बसवली कासाराम्होरं. म्हनला, तुजा भाऊ यील तवा यील, तवर माज्या हातनं भर. तवापासून त्योच भरतो." मग तिने विचारलं, "तू काय आनलंस?"

मच्छिंद्राने मागे पाहिलं. दिंडांचं फडकं होतं, ते आईने दिलं होतं. त्याचं स्वतःचं म्हणून त्या गाडीत काही नव्हतं. शामकांतांच्या शेडकडे जाता-येता तो बांगड्यांच्या दुकानांवरूनच जात होता, एकदा नव्हे, कितीतरी वेळा, आणि एकदाही त्याने मान वळवली नव्हती. हे आता त्याला लख्ख दिसलं. "टायर," असं म्हणायची त्याची हिंमत होईना.

त्याने दार उघडलं आणि खाली पाय टाकला. पाय पोटरीपर्यंत आत गेला. दुसरा टाकला, तोही गेला, आणि तो तोल जाऊन वाकला तेव्हा राहीने त्याचं मनगट धरून त्याला ओढून उभं केलं. दुसऱ्याने भरलेल्या बांगड्या त्याच्या हाताला थंड लागल्या.

"चल," तो कसाबसा म्हणाला. "सासूबाईंस्नी इचारतो. मग चालतच जाऊ आपुन. आई वाट बघतीया."

राही हलली नाही. त्याचं मनगट तिने सोडलंही नाही.

"एवढं म्हनायला पाच वर्सं लावलीस व्हय रे?" ती म्हणाली, आणि तिथेच चिखलात उभी राहून रडू लागली.