गॅलरीतला टाळ

आवाज स्वच्छ करून देणारं म्हणून एक ॲप निघालंय. त्याने आमच्या भजनातला टाळ कचरा समजून काढून टाकला आणि वर मलाच विचारलं, तुमचा अनुभव कसा होता, पाचपैकी किती तारे द्याल? मी आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत शेरे लिहिलेली बाई. तारे वाटायची सवय मला नाही. पण सगळं सांगायचं तर आमच्या मंगळवारांपासून सांगायला हवं.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत दर मंगळवारी दुपारी चार वाजता भजन असतं. आम्ही नऊ जणी. हॉल माझा, पेटी माझी आणि शिस्तही माझीच, असं माझ्या पाठीमागे म्हणतात. ते खरं आहे. टाळ वाजवतात त्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. मूळच्या अकोल्याकडच्या. यजमान खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, ते निवृत्त झाल्यावर दोघं इकडे राहायला आले. यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली. आपल्याला गळा नाही असं वहिनी स्वतःच सांगतात. टाळ मात्र असा, की मी डोळे मिटून पेटी वाजवावी. माहेरून आणलेला काशाचा जड टाळ आहे, त्याची दोरी त्या स्वतः बदलतात. भजन हळू सुरू होतं आणि शेवटी कधी चढलं ते आम्हालाच कळत नाही. ते चढवतात वहिनी, आम्ही फक्त मागून पळतो.

टाळाचा आवाज मोठा. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये शब्द ऐकू येईनात, म्हणून मी त्यांना आधी दाराशी बसवलं, मग उंबऱ्याजवळ, मग बाहेर गॅलरीत. गेली सहा वर्षं त्या वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसून वाजवतात. तिथून टाळ कसा बेताचा येतो.

यंदा त्यांचे गुडघे पार गेले. मुलाने वाघोलीला अकराव्या मजल्यावर घर घेतलंय, तिकडे जायचं ठरलं. बिबवेवाडीहून वाघोलीला जायला जो वेळ लागतो, त्यात माणूस साताऱ्याला पोचून चहा पिऊन होतो. म्हणजे मंगळवार संपले, हे त्यांनाही कळलं आणि आम्हालाही. जाताना त्यांनी एकच गोष्ट मागितली.

“मले एक भजन भरून द्या, बाई. तिथं मंगळवारी लावून बसन.”

आता फोनवर भरलेल्या संगीताबद्दल माझं मत फार बरं नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीला गेली तीन वर्षं आरती फोनवरून लावतात. माणसं गप्प उभी राहून टाळ्या वाजवतात. मागच्या वर्षी आरती ऐन रंगात आली असताना मध्येच बनियनची जाहिरात लागली, तरी टाळ्या चालूच. पलीकडच्या सोसायटीतल्या बायका तयार ट्रॅकवर भजन म्हणतात. तबला, पेटी, टाळ सगळं डबीत. कोणी खोकलं तरी डबी थांबत नाही. मी एकदा विचारलं, तुमच्यातली एखादी मागे पडली तर काय करता? तर म्हणाल्या, पडत नाही, आम्ही प्रॅक्टिस करतो. धन्य आहे.

तरीही वहिनींसाठी मी फोन मधोमध ठेवून भजन भरलं. नेहमीच्या जागी नेहमीच्या माणसांनी बसायचं, असं बजावलं. आम्ही आठ जणी आत, वहिनी गॅलरीत. भजन उत्तम झालं. फक्त त्यात शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होत्या, भाजीवाला होता आणि कोणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न. माझी मुलगी आयटीत आहे. तिने माझ्या फोनवर ते ॲप घालून दिलं, एक बटण दाखवलं आणि मीटिंगला बसली. मी बटण दाबलं. शिट्ट्या गेल्या, भाजीवाला गेला, हॉर्न गेला. मग त्याने विचारलं, जुनी फाइल काढून हीच ठेवू का? माझ्या फोनमध्ये आधीच शुभ सकाळच्या फुलांची गर्दी, आणि मला दोन-दोन प्रती ठेवायला आवडत नाही. मी ‘हो’ दाबलं.

भजन ग्रुपवर टाकलं. धडाधड हात जोडलेली चित्रं आली. एकीने लिहिलं, अगदी रेडिओवर लागल्यासारखं वाटतंय. मीही दोनदा ऐकलं आणि माझी तान बरी लागलीय म्हणून खूश झाले. नऊ जणींपैकी आठ जणींनी ते ऐकलं, आणि आठही जणींनी फक्त स्वतःला ऐकलं.

चार दिवसांनी वहिनी खाली आल्या. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत. तक्रार नव्हती हो, चेहऱ्यावर तक्रार मुळीच नव्हती. फोन माझ्यासमोर धरला.

“तीन डाव ऐकलं. मी कुठी हाये याच्यात?”

मी लावलं. कान देऊन ऐकलं. पेटी होती, आठ गळे होते. टाळ नव्हता. सुरुवातीला नाही, मध्ये नाही, शेवटी भजन चढतं तिथेही नाही. आम्ही कोणाच्या मागे पळतोय तेच कळेना. सहा मिनिटं वाजवलेल्या बाईचा एक ठोकासुद्धा त्यात नव्हता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलीला मीटिंगमधून उठवलं. जुनी फाइल शोध म्हटलं. तिने खूप शोधली. ती गेली होती, मीच घालवली होती. टाळ कसा काय गेला, असं विचारलं तर ती शांतपणे म्हणाली की लांबून येणारा, धातूचा, ठणठण आवाज म्हणजे भांडं पडलं असं त्याला वाटलं असेल. त्याला जे आवाज ऐकवून शिकवलंय त्यात टाळ नसेल. नसेल? मग ज्याला टाळ म्हणजे काय ते माहीत नाही, त्याने आमच्या भजनाला हात कशाला लावावा? माहीत नसेल तर विचारावं. माझ्या वर्गात पोरं विचारायची. हा मेला विचारतो ते तारे किती देता एवढंच.

मी त्या कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. टाळ म्हणजे काय, तो कशाचा असतो, भजनात त्याचं काम काय, सगळं मुद्देसूद. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं की आम्हाला लिहिल्याबद्दल आभारी आहोत, आवाज अधिक स्वच्छ करण्यासाठी आम्ही सतत प्रयत्नशील आहोत. म्हणजे पुढच्या वेळी माझी पेटीही काढतील.

वहिनींचा टेंपो गुरुवारी येणार होता. मध्ये एकच मंगळवार उरला होता. त्या दिवशी मी सतरंजी चौघडी करून हॉलच्या मध्यभागी घातली, अगदी फोनच्या शेजारी, आणि म्हटलं, वहिनी, आज इथे बसायचं. त्या बसल्या, अवघडून, परक्या घरी आल्यासारख्या. मी सूर धरला. पहिलं कडवं झालं तरी टाळ ऐकू येईना. बघते तर त्यांनी तो बोटांनी दाबून धरला होता आणि नुसती कड कडेला टेकवत होत्या.

पेटी थांबवून मी म्हटलं, मोकळा वाजवा. त्यांनी मान हलवली. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, सतरंजीची घडी काखेत मारली आणि गॅलरीकडे निघाल्या.

“मी तिकडंच बरी, बाई. इथं तुमचे शब्द बुडतात.”

हे वाक्य त्यांचं नव्हतं, माझं होतं. सहा वर्षांपूर्वी याच पेटीमागे बसून मी ते बोलले होते, सगळ्यांसमोर, वर्गात मुलीला मागच्या बाकावर पाठवावं तशा आवाजात. त्यांनी ते जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. मला कोणावर तरी ओरडायचं होतं. मुलीवर ओरडून झालं होतं, कंपनीला पत्र लिहून झालं होतं.

मी फोन उचलला आणि गॅलरीत नेऊन त्यांच्या गुडघ्याला लागून ठेवला. दोरीवरचे ओले कपडे काढून बादलीत टाकले. मग पेटी ओढत उंबऱ्यापर्यंत आणली आणि उंबऱ्याच्या आत, जिथे मी त्यांना एकेकाळी बसवलं होतं, तिथे बसले. बाकीच्या माझ्या मागे दाटीवाटीने बसल्या. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टाळ मोकळा सोडला.

त्यात कुकर आहे, भाजीवाला आहे, खालून कोणी तरी गाडी काढ म्हणून ओरडतंय तेही आहे. आम्ही काय गातोय त्यातलं एक अक्षर कळत नाही. मी ते तसंच वाघोलीला पाठवलं.