ती मागून चालायची

नातीने विचारलं, "आबा, आजी चालायची कशी?"

मी म्हटलं, "पायांनी."

"आबा!"

"मग काय, उडायची?"

ती हसली नाही. मांडीवर लॅपटॉप, हातात बिनशाईचं पेन, आणि बाजूला ती काळी पाटी. पाटीवर रेघ मारली तर पाटी कोरीच राहते, रेघ उमटते समोरच्या पडद्यावर. पोरगी वापीला मोशन डिझाइन शिकते. म्हणजे चित्रं काढायची आणि ती हलवायची. माझी सून शेजारणींना सांगते, "कार्टूनचं शिकते," आणि मग मायलेकींची जुंपते. तर कॉलेजात सगळ्यांना मिनिटभराची फिल्म करायला सांगितली होती. घरातलं एक माणूस घ्या आणि त्याला चालवा. बोलणं नाही, गाणं नाही. सर म्हणाले, माणूस चालायला लागला की तो कोण ते कळलं पाहिजे. नातीने आजी घेतली.

आजी मागच्या होळीच्या आधी गेली. फिल्मसाठी तिला घेताना नातीने मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

"फोटो बघ की," मी म्हटलं.

"फोटोत ती उभी आहे नाहीतर बसलीय. व्हिडिओ आहेत त्यातही बसलेलीच. सगळ्यांत 'बंद कर ते' म्हणते आणि हात मारते. तुम्ही सांगा ना. वाकून चालायची? हात हलवायची? पाय कसा टाकायची?"

सांगायला गेलो तेव्हा लक्षात आलं. मला माहीत नव्हतं.

आमच्यात नवरा पुढे चालतो, बायको मागून. खानदेशातून सिल्वासाला आलो तेव्हा बसमधून उतरून मी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन पुढे निघालो, ती मागून आली. मग बाजार असो, दवाखाना असो, कुणाचं लग्न असो, तसंच. ती मागे आहे हे बघायला कधी वळावं लागलं नाही. कुणी आम्हाला असं चाला म्हणून सांगितलं नव्हतं, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. उलट नवीन जोडपी हातात हात घालून जाताना दिसली की तीच मागून पुटपुटायची, "पडतील एकमेकांच्या पायात पाय अडकून."

घरात चालणार कुठे? एक खोली. उठली की शेगडी, वळली की मोरी. मी यार्नच्या, म्हणजे सुताच्या कंपनीत, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. निघताना माझी पाठ तिच्याकडे, आलो की ती बसलेली. समोरून येताना कधी पाहिली असेल. पण समोरून येणाऱ्या बायकोचं आधी तोंड बघायचं, रागात आहे की काय ते. पाय कोण बघतं?

नातीला मी म्हटलं, "तुझ्या बापाला विचार."

संध्याकाळी पोरगा राखोलीच्या कारखान्यातून आला. विचारल्यावर लगेच उठला आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भराभरा चालून दाखवलं, मान पुढे काढून. "आई अशी. मागे कुत्रं लागल्यासारखी."

सून पोळ्या टाकत होती. ती म्हणाली, "काहीतरीच! सासूबाई अशा चालायच्या." आणि लाटणं हातात धरूनच, कमरेला झोका देत, हळूहळू दारापर्यंत गेली.

"ती तू चालतेस," पोरगा म्हणाला.

"मी अशी चालते?"

"वजन वाढल्यापासून."

मग पोळी करपली. नात हसून हसून गादीवर पडली. मी हसलो नाही. उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. पोराने तिला चालताना बघितलंय, सुनेने बघितलंय. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानेही बघितलं असेल. चुकीचं का सांगेनात, सांगायला त्यांच्याकडे काहीतरी आहे. सगळं आयुष्य जिच्याबरोबर रस्ता तुडवला ती मलाच तेवढी दिसली नाही. आता दिसायची सोय नाही. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ही फिल्म व्हावी. कॉलेजचं काय होईल ते होवो, मला एकदा ती चालताना बघायचीय.

दुसऱ्या दिवशी नातीने पोराची मान आणि सुनेची कंबर एकत्र करून एक बाई बनवली. हिरवं लुगडं नेसवलं होतं. बाई झोकात चालली होती.

"कशी आहे?"

"छान आहे. कोण आहे?"

नातीने लॅपटॉप मिटला. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. मी असाच बोलतो, काय करू. जरा वेळाने तीच म्हणाली, "आबा, दिसायची नाही ठीक आहे. पण मागून ऐकू तर यायची?"

हे मला सुचलं नव्हतं.

माझे कान मशीनने खाल्लेत. टीव्ही मोठा केल्याशिवाय कळत नाही, दाराची कडी कोणी वाजवली तर सून येऊन मला हलवते. पण नातीने विचारलं आणि मी डोळे मिटले, तर मागून ती चालायला लागली. राखोलीचा रस्ता. तिचा भाऊ तिकडे राहायचा, आणि रिक्षात तिला मळमळायचं, म्हणून सुट्टीच्या दिवशी आम्ही पायीच निघायचो, दमणगंगेच्या कडेकडेने, मग पूल ओलांडून. उजवा पाय दणकन पडायचा. डावा आधी थोडा घासायचा, मग पडायचा. मध्ये बांगड्या. अधूनमधून सगळंच थांबायचं, नाकातून एक मोठा श्वास यायचा, आणि पुन्हा सुरू झालं की आता डावा दणकन.

मी मांडीवर थापा मारून दाखवलं. नात म्हणाली, "थांबा थांबा," आणि मोबाइल काढला.

मांडीवर ते नीट येईना. आजीच्या चपला अजून खाटेखाली होत्या. सून टाकून द्या म्हणाली होती, मी दिल्या नव्हत्या. त्या काढल्या, हातांत घातल्या आणि फरशीवर चालवल्या. फरशीवर दवाखान्यासारखा आवाज आला. तो रस्ता तेव्हा मुरमाचा होता. मग आम्ही दोघं चाळीच्या मागे गेलो, तिथे अजून मुरूम आहे. मी गुडघ्यावर बसलो आणि हातांत चपला घालून रांगायला लागलो. नात मोबाइल घेऊन बाजूने वाकून वाकून चालतेय.

"आबा, परत. हॉर्न आला मध्ये."

"गुडघे फुटले माझे."

"फक्त एकदा. पाय थांबतात ना, ते परत घ्या."

शेजारची गुजराती बाई कपडे वाळत घालत होती. ओरडली, "काका, पडी गया के शुं?"

"नाही गं बाई," मी म्हटलं. "बायको चालवतोय."

ती कपडे तसेच टाकून आत गेली. संध्याकाळपर्यंत चाळीत झालं, म्हातारा बिघडला म्हणून.

नातीने तो आवाज लॅपटॉपमध्ये घातला. आवाजाची एक लांब रेघ दिसते, जिथे पाय पडला तिथे रेघेला उंचवटा. ती प्रत्येक उंचवट्यावर एक चित्र काढत गेली, टाच टेकलेलं. मग दोन टाचांच्या मधली चित्रं. काढता काढता बोलत होती, स्वतःशीच जास्त. "एक पाय जड पडतो म्हणजे त्या हातात वजन आहे. पिशवी. मग तो खांदा खाली हवा. थांबली म्हणजे हात बदलला. आता दुसरा खांदा खाली."

"पिशवी तिच्याकडेच असायची," मी म्हटलं. "माझ्याकडे द्यायची नाही. म्हणायची, तुम्ही टमाटे दाबता."

"मग मोकळा हात? पदर धरायची?"

"कुठे! मोकळ्या हातातल्या बांगड्या वाजायच्या. हात हलत असणार."

"म्हणजे लांब फेकत असणार," नात म्हणाली आणि तो हात पुसून पुन्हा काढला.

असे बरेच दिवस गेले. ती शनिवारी वापीहून यायची ती थेट पाटी काढून बसायची. मला पडद्यावर नुसत्या रेघा दिसायच्या. एका दुपारी तिने हाक मारली, मला समोर बसवलं आणि कानांत ते ऐकायचे बोळे घातले.

रस्ता होता. डाव्या हाताला नदी. आणि माझ्या पुढे ती चालली होती.

पाठमोरी. नातीने मुद्दाम तशी काढली होती. पिशवीने खांदा ओढलेला, दुसरा हात शेत पेरल्यासारखा लांब जातोय, डाव्या पायाची टाच आधी मुरूम खरवडतेय. मान पोराने दाखवली तशी पुढे नव्हती आणि कंबर सुनेने दाखवली तशी नव्हती. मध्येच थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, निघाली. मी खुर्चीत पुढे सरकलो. ही बाई माझी नाही असं म्हणायला काहीतरी शोधत होतो, खोटं कशाला सांगू. मिळालं नाही.

"बरोबर आहे?" नातीने विचारलं.

मी मान हलवली.

"सर म्हणतात, शेवटी तिला वळव. चेहरा दिसला पाहिजे. वळवू?"

"वळव," मी म्हटलं. फार घाईने म्हटलं. ती वळेल आणि माझ्याकडे बघेल, दुसरं डोक्यातच नव्हतं.

पुढच्या शनिवारी नातीने ते दाखवलं. ती चालते, थांबते, वळते. चेहरा तंतोतंत तिचा होता, नाकातल्या चमकीसकट. भाच्याच्या लग्नातला फोटो आहे, त्यावरून काढलेला. आणि ती तशीच बघत होती, फोटोवाल्याकडे बघतात तशी. ओठ मिटून. तिच्या लेखी मागे मी नव्हतोच, कोणीतरी फोटोवाला होता.

"हे काढ," मी म्हटलं.

"आवडलं नाही?"

"चित्र चांगलंय. ती पाठीने जास्त ती आहे. तोंड आलं की फोटो होतो."

नातीने पेन दातांत धरलं. "सर मार्क कापतील, आबा."

"मग ठेव. मार्क तुझे आहेत. माझ्यासाठी नको काढूस."

तिने पुन्हा एकदा लावून बघितलं. वळलेली बघितली, न वळलेली बघितली. मग वळलेली पुसली. म्हणाली, "माझ्याकडे पण फोटोतलीच बघत होती."

फिल्म गेली कॉलेजात. सरांनी थोडे कापले, पण वर्गात चालवून दाखवली म्हणे. मला ती सुनेच्या मोबाइलवर घालून दिली. बोट कुठे लावायचं ते शिकलो. लावतो. ती निघते, नदीच्या कडेने जाते, हात बदलते, आणि जरा रंगात आली की रस्ता संपतो. काळं होतं. मी पुन्हा बोट लावतो. ती पुन्हा तिथूनच निघते, मघाशी गेली तिथून पुढे नाही.

मी नातीला म्हटलं, "कॉलेजला मिनिटाचं दिलंस ते ठीक. मला रस्ता लांब करून दे."

"किती लांब?"

"राखोलीपर्यंत."

"आबा, तेवढी चित्रं काढता काढता माझं कॉलेज संपेल."

"संपू दे," मी म्हटलं. "मला कुठे जायचंय?"

तिने पाटी पुढे ओढली आणि विचारलं, "पुलाच्या आधी चढ होता का?"