शेवटची इंग्रजी ओळ

बेचाळीसच्या भाद्रपदात रावेरजवळ तारायंत्राच्या तारा तोडल्या गेल्या. दोन दिवसांनी आमच्या गावच्या लीलाधर मास्तरांना पंच म्हणून बोलावणं आलं. ते लोकल बोर्डाच्या शाळेत शिकवत. गावात इंग्रजी वाचणारे ते एकटेच.

झडती भिकुबाईच्या घराची होती. चळवळीत पडलेला तिचा मुलगा पंधरा दिवसांपासून परागंदा होता. फौजदारांनी माळ्यावरची पेटी ओट्यावर आणून उघडली, वरवर चाळली आणि पंचनामा मास्तरांपुढे सरकवला. कागद मराठीत, शेवटची ओळ तेवढी इंग्रजीत: एक पेटी, मिसलेनियस सामान.

भिकुबाई दार धरून उभी होती. "मास्तर, काय लिहेल हाये?"

मास्तर म्हणाले, परचुरण वस्तू, नाना तऱ्हेच्या. सांगतासांगताच त्यांच्या ध्यानात आलं. दुकानाच्या पाटीवर हा शब्द बिनघोर चालतो. जप्तीच्या कागदावर त्यात उद्या काहीही बसवता येईल. पेटीला लाखेचं सीलही नव्हतं.

त्यांनी एकेक वस्तू लिहायची विनंती केली. फौजदार शांतपणे म्हणाले, "मास्तर, नोकरी बोर्डाची आहे ना?"

दुसरे पंच पुना पाटील अंगठा उठवून केव्हाच ओटा उतरले होते. मास्तरांनी पेटीतलं एकेक उचललं आणि त्या ओळीखाली मराठीत लिहीत गेले: खिळे, अडकित्ता, कंदिलाची काच, दोन लुगडी, पाळण्याची दोरी. असं करत अकरा वस्तू झाल्या. मग सही केली. समोर निम्मं गाव जमलेलं, फौजदारांना कागद फाडणं शक्य नव्हतं. त्यांनी तो घडी करून खिशात टाकला आणि पेटी ठाण्यावर नेली.

दुसऱ्या दिवसापासून शाळेसमोरच्या लिंबाखाली एक अनोळखी माणूस बसू लागला. कोणाशी बोलत नसे. मास्तर घरी निघाले की उठून मागोमाग चाले.

पौषात जळगावच्या कोर्टात भिकुबाईवरच्या खटल्यात पेटी उघडली, तेव्हा तिच्यातून बंदुकीच्या दारूची बाटली निघाली. तिच्या वकिलांनी मास्तरांना त्यांचीच यादी वाचायला लावली. बाटली त्यात नव्हती. भिकुबाई सुटली.

त्याच आठवड्यात मास्तरांना बडतर्फीचा हुकूम आला. ते धुळ्याला, देवपुरात बहिणीकडे राहायला गेले, घरोघर शिकवण्या करू लागले. खाकी कपडा दिसला की बोळात वळत. शेचाळीस साली काँग्रेसचं सरकार आल्यावर बोर्डानं त्यांना परत घेतलं. भिकुबाईचा मुलगा मात्र आला नाही. त्याला पोलिसांनी पकडून कुठं नेलं का, तो जिवंत होता का, हे तिला कोणीच सांगितलं नाही.