आक्कांची मशीन काचेच्या पेटीत

मंडळी, आज डोकं नुसतं तापलंय.

आमच्या गल्लीतल्या आक्कांनी जाण्याआधी राहतं घर बायकांच्या शिवणवर्गाला देऊन टाकलं. तिथं मी शिकवते. मशिनी चार, बायका अकरा. त्यातली सगळ्यात चांगली चालणारी मशीन आक्कांची स्वतःची.

आज वर्गावर जाऊन बघते तर ती मशीन काचेच्या पेटीत! वर हार, खाली पाटी: 'हात लावू नये'.

वर्ग चालवणाऱ्या कमिटीचे अध्यक्ष तिथंच उभे होते. म्हटलं, "दादा, हे काय?"

"आक्कांची आठवण हाय ती. जपाय नको व्हय?"

हमीदाभाभी परकर शिवायला आलेल्या. त्या म्हणाल्या, "आक्कांनी माझा हात धरून ह्याच मशिनीवर बसवलं की! मशीन बंद राहिली की गंज धरते, म्हणायच्या."

"मग तेल घालू की," अध्यक्ष म्हणाले आणि पेटीसोबत फोटो काढून गेले.

तेल घालणार, हार घालणार, पण शिवू द्यायचं न्हाय! भाभी कापड मांडीवर घेऊन नंबर यायची वाट बघत बसल्या.

काच रोज पुसायची म्हणून पेटीची चावी माझ्याकडेच दिलीय. उद्या दहाला वर्ग भरतो. बोला, काय करू?